आईची शुगर मीटरवर १२६ आणि ॲपमध्ये ७! काय चाललंय कुणी सांगेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय, राजेंद्र नगर. धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आई ६८ ची, चार वर्षं शुगर आहे, गोळी चालू आहे. दिवाळीत दादा पुण्याहून आला तेव्हा ब्लूटूथवालं मीटर घेऊन आला आणि तिच्या फोनमध्ये एक हेल्थ ॲप टाकून गेला. आता आई बोट टोचते, आकडा मीटरच्या ॲपमध्ये जातो, तिथून हेल्थ ॲपमध्ये आणि तिथून दादाला दिसतो. आधी ती कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी पेनाने लिहायची, दादाच्या मते ते जुनाट.

तर परवा सकाळी सव्वासातला दादाचा फोन, आवाज एकदम कापरा, "आई शुद्धीत आहे ना?" म्हटलं शुद्धीत? गेटवर भाजीवाल्याशी गिलक्यांवरून भांडतेय. त्याला दिसलेली उपाशीपोटीची शुगर ७! मीटरवर पाहिलं तर १२६. मग मागचं सगळं काढून बसले, १४४ ला ॲप ८ म्हणतंय, जेवणानंतरच्या १९८ ला ११. म्हणजे अगदी अंदाधुंद नाहीये, काहीतरी हिशोब आहे पण मला लागेना.

दुसरं, पावलं. आईचे गुडघे दुखतात, ती सकाळी मंदिरापर्यंत जाऊन येते बस. पण रविवारी ॲपने ६४०० पावलं दाखवून तिला फुलं उधळली. नंतर उलगडा झाला, फोन दिवसभर भाच्याच्या खिशात होता आणि तो अंगणात क्रिकेट खेळत होता. उलट रोज दोन तास स्वयंपाकघरात उभी असते त्याचं शून्य, कारण फोन फ्रिजवर. आणि काही दिवशी दुपारनंतर मोजणंच बंद पडतं ते का?

खाण्याचं तर सोडूनच दिलंय, त्यात गराडू नाही, भुट्ट्याचा कीस नाही, आणि पोहे टाकले की विचारतं किती ग्रॅम. वर शेव-जिरावन किती ते कोण मोजणार.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय, त्यांना तीन महिन्यांचे आकडे एका कागदावर हवेत. प्लीज सांगा.

निवृत्त केमिस्ट: ताई, घाबरू नका, मीटर बरोबर आणि ॲपही बरोबर, फक्त मापं वेगळी. आपल्याकडे शुगर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात, तुमचं ॲप मिलिमोल प्रति लिटरवर सेट आहे, तिकडे इंग्लंड वगैरेकडे तसंच चालतं. १८ ने भागून बघा, १२६ चे ७ येतील. सेटिंगमध्ये युनिट बदला. आणि एक, एचबीएवनसी (शुगरचीच एक रक्ततपासणी) ७ च्या आत ठेवा असं बऱ्याच पेशंटना सांगतात, तो ७ टक्क्यांतला, साधारण तीन महिन्यांचा अंदाज देणारा, त्याची ह्या ७ शी गल्लत करू नका. खरंच कमी शुगर म्हणजे ७० च्या खाली, मिलिमोलमध्ये ३.९. दादांना हा एक आकडा पाठ करायला सांगा, म्हणजे पहाटे फोन येणार नाहीत.

जिरावन: मीपण इंदूरचाच, सुदामा नगर. मोजणं बंद पडतं ते बॅटरीमुळे, फोन मागे चाललेली ॲप्स झोपवतो. सेटिंगमध्ये ॲपच्या बॅटरीत जाऊन अनरिस्ट्रिक्टेड करा, आणि फिजिकल ॲक्टिव्हिटीची परवानगी दिलीय का ते बघा, अँड्रॉइड १० पासून त्याशिवाय पावलं मोजत नाहीत. दहा हजारांचं टेन्शन काकूंना देऊ नका, ते जपानमध्ये १९६५ साली आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राचं नाव होतं, तिथून चिकटलंय. आणि सात दिवस फ्रीवालं काही सुरू केलंय का? नुसतं ॲप उडवून पैसे कापणं थांबत नाही हां, प्ले स्टोअरमधून सबस्क्रिप्शन वेगळं रद्द करावं लागतं, माझे दोन महिने गेले तेव्हा अक्कल आली.

तिसरं, कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारं ॲप टाकलं असेल तर काढून टाका. बोटावरून नाडीचे ठोके कळतात, बीपीला दंडावरचा पट्टाच लागतो.

धागाकर्ती: केमिस्ट काका, युनिट बदललं, ७ चे १२६ झाले!! दादाला १८ ने भागायला सांगितलं तर म्हणे मला माहीतच होतं. बरं. जिरावन भिया, बॅटरीचं केलंय, आज संध्याकाळपर्यंत मोजणं चालू होतं. सबस्क्रिप्शन पाहिलं, फ्रीचे पाच दिवस संपलेले, लगेच रद्द केलं, वाचलो.

कागदाचं मात्र अजून राहिलंय. हेल्थ ॲपमध्ये रिपोर्ट पैसे भरल्याशिवाय देत नाही, मीटरच्या ॲपमध्ये पीडीएफचं बटण असतं म्हणतात, मला सापडेना, कुणी वापरत असेल तर कुठल्या मेनूत आहे ते सांगा. तोवर आईने परवापासून पुन्हा कॅलेंडरवर लिहायला घेतलंय, दूध अर्धा लिटर, त्याखाली १३१. मंगळवारी नाहीच मिळालं तर तीन पानं फाडून नेते.