मदत हवी आहे : मुली बघायला सुरुवात होण्याआधी घरी सांगायचं आहे

काळी_दोन

नमस्कार. मी सांगलीचा, वय 27. पेटी वाजवतो. कीर्तनाची आणि भजनाची साथ, अधूनमधून नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात ऑर्गन, शिवाय घरी शिकायला येणारी मुलं, असं धरून महिना निघतो. गांधर्व मंडळाची विशारद झाली आहे. मी समलिंगी आहे. हे मला कॉलेजात असल्यापासून माहीत आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आता काही गोंधळ नाही. प्रश्न घरचा आहे, त्यामुळे 'नीट विचार कर' हा सल्ला कृपया देऊ नका.

तासगावच्या बाजूच्या एका गावात गेल्या वर्षी हरिनाम सप्ताहाला साथीला गेलो होतो. बुवांचा आवाज बसला होता. कीर्तन निम्म्यावर आलं तेव्हा त्यांनी न सांगता पट्टी (गाण्याचा मूळ सूर) उतरवली, काळी दोनवरून काळी एकवर. मी चाल न तोडता खाली आलो. पखवाज जुन्याच सुरात राहिला, पण टाळांच्या गजरात मांडवात कुणाला काही जाणवलं नाही. नंतर पंगतीत भात वाढणारा एक मुलगा माझ्या पानाशी थांबला आणि म्हणाला, "मधेच सूर उतरवलात ना? कळू दिलं नाहीत." साथीदाराचं इतकं बारीक ऐकणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. आपण नीट वाजवलं तर कुणाचं लक्ष जात नाही, हीच आमच्या कामाची रीत.

त्याची दोन एकर द्राक्षबाग आहे. तबला शिकत होता. वडील गेल्यावर तबला सुटला आणि बाग अंगावर आली. ऑक्टोबर छाटणी झाली की त्याचे महिने कसे जातात ते मी आता पाहिलं आहे. बाग फुलोऱ्यात असताना ढग दाटले की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने तो रात्री-अपरात्री फवारणीला उतरतो. ब्लोअर बंद करून टाकी भरायला थांबला की फोन लावतो, मी इकडे हलक्या आवाजात बागेश्री वाजवत बसतो, टाकी भरली की फोन ठेवतो. त्याच्या वहिनीला आमच्याबद्दल माहीत आहे. ती कुणाला काही बोललेली नाही, पण मी गेलो की ताट माझंही वाढते. मला याच माणसाबरोबर राहायचं आहे. बाग सोडून तो येऊ शकत नाही आणि पेटी घेऊन मी फार लांब जाऊ शकत नाही, पण सांगली-तासगाव अंतर असं किती आहे?

आता अण्णांबद्दल. अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. गळ्यात माळ आहे, गल्लीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मला पेटीवर पहिल्यांदा त्यांनीच बसवलं. दर एकादशीला रूपाच्या अभंगापासून भैरवीपर्यंत त्यांचा पखवाज आणि माझी पेटी, हे मी शाळेत होतो तेव्हापासून चालू आहे. अण्णा ओरडले, रागावले तर मला सोसवेल. पण ते रागावत नाहीत, बोलायचे थांबतात. वाटणीवरून काकांशी बिनसलं, त्याला बरीच वर्षं झाली. दोघं आजही एका मांडवात बसतात आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. मला भीती आहे ती याची. एकादशीला मी पेटी उघडीन आणि ते पखवाजाला हात लावणार नाहीत.

मामांनी विट्याचं एक स्थळ आणलं आहे. मुलगी बी.एड. झालेली. तुळशीचं लग्न झालं की बघायला जायचं ठरतंय. ती मुलगी साडी नेसून माझ्यासमोर येऊन बसणार, तिच्या घरचे आशेने बघणार, हे मला होऊ द्यायचं नाही. तिचा यात काय दोष?

तर आधी कुणाला सांगू? आईला, अण्णांना की ताईला (ती साताऱ्याला असते)? आणि सांगितल्यावर त्यांनी मला डॉक्टरकडे किंवा कुणा महाराजांकडे न्यायचं काढलं तर काय म्हणू? ज्यांनी घरी सांगितलं आहे, किंवा ज्यांना घरी कुणी सांगितलं आहे, त्यांनी जरूर लिहा.

कृष्णाकाठ

तुझी तळमळ समजते. पण आईवडिलांनी खस्ता खाल्ल्या असतात. चांगलं स्थळ आहे, लग्न करून टाक. संसाराला लागलं की मन रमतं, मुलंबाळं झाली की बाकीचं मागे पडतं. त्या मित्राशी मैत्री ठेवायला कोण नको म्हणतंय?

नंदा_क

कृष्णाकाठ, तुम्ही वयाने मोठे असाल, तरी स्पष्ट लिहिते. तुम्ही म्हणता तसं लग्न माझं झालं होतं.

तो माणूस वाईट नव्हता. मला ताप आला की रात्रभर उशाशी बसायचा, पगार आणून हातात द्यायचा. फक्त जवळ येत नव्हता. का येत नाही ते मला कळत नव्हतं, म्हणून मी कारण माझ्यात शोधलं. जाड झाले म्हणून जेवण कमी केलं, उपवास धरले, सासूबाईंनी सांगितलेल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. 'अजून पाळणा हलला नाही का' हे ऐकायला मी उभी असायची, तो नाही. शेवटी त्यानेच रडत सांगितलं. मला राग आला तो त्याच्या समलिंगी असण्याचा नव्हे. माझी उमेदीची वर्षं त्याच्या घरच्यांच्या समाधानापायी गेली, त्याचा आला. आज आम्ही दोघं आपापल्या ठिकाणी बरे आहोत, पण मला शिक्षण पुन्हा हातात घ्यायला तिशी उलटली.

काळी दोन, त्या विट्याच्या मुलीचा विचार तुझ्या मनात आधी आला, याचं मला फार बरं वाटलं. बघायला जाऊच नकोस. एकदा चहा झाला, पत्रिका पाहिली, दोन्हीकडच्या बायका बोलायला लागल्या की नकार त्या मुलीच्या माथी बसतो. 'तिच्यात काय खोट निघाली' असं गावात विचारतात.

जुना_तबलजी

मी व्यवसायाचं तेवढं लिहितो, ते कुणी लिहिणार नाही. बातमी फुटली तर काही बोलावणी थांबतील. एखादे बुवा 'यंदा दुसऱ्याला सांगितलंय' म्हणतील, कारण देणार नाहीत. पण बरेच जण बोलावतीलच, कारण चाल सांभाळणारा पेटीवाला सहज मिळत नाही आणि सप्ताहाच्या हंगामात तर नाहीच. तोवर एक कर. सगळी कामं अण्णांच्या ओळखीची असतील तर तेवढ्यावर विसंबू नकोस, बाहेरचीही कामं धर. सांगली-मिरजेत नाट्यसंगीताची मंडळी आहेत, 5 नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाच्या आसपास कार्यक्रम असतात, परीक्षांच्या दिवसांत क्लासवाल्यांना साथीदार लागतात. कोल्हापूरला जायची तयारी ठेव. ओळखी स्वतःच्या नावावर असू देत. घरी बोलताना पोटापाण्याची धास्ती नसली की माणूस सरळ बोलतो.

आणि बागेश्रीचं वाचून फार बरं वाटलं रे.

वकिलीण_सातारा

डॉक्टरच्या मुद्द्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 साली काढली. हा आजार नाही असं भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये जाहीर केलं आहे. 'बदलून देतो' म्हणून उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा घरच्यांनी डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं तर भांडू नका. 'चला, पण डॉक्टर मी निवडणार आणि आपण सगळे मिळून ऐकणार' म्हणा. चांगला मानसोपचारतज्ज्ञ अण्णांना जे सांगेल ते तुमच्या तोंडून त्यांना पटणार नाही. मधल्या काळात तुम्हाला स्वतःला कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416, दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलतात.

कायद्याचं थोडक्यात. 6 सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर दोन सज्ञान पुरुषांनी संमतीने एकत्र असणं गुन्हा नाही. पोलिसांचं नाव काढून कुणी घाबरवलं तर हे माहीत असू द्या. लग्नाला मान्यता नाही, 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती दिली नाही. मात्र बँकेत जोडखातं उघडता येतं, एकमेकांना नॉमिनी करता येतं, केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. बाग तुमच्या जोडीदाराची आहे, त्यात त्यांच्या भावाचा हिस्सा असेल. उद्या तुम्ही तिथे पैसे घातलेत तर कागद करून ठेवा. प्रेमात हे बोलायला जड जातं, पण बोला.

सांगलीत संग्राम संस्था अनेक वर्षं काम करते आहे. तिथे जाऊन समोरासमोर बोलता येईल. पुण्यात समपथिक ट्रस्ट 2002 साली सुरू झाली, पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुलांना तिचा आधार मिळाला आहे.

सोनचाफा

मी बाप आहे. निवृत्त शिक्षक, वाई तालुका. माझ्या मुलाने मला सांगितलं तेव्हा तो तुझ्याच वयाचा होता.

तू ज्याला घाबरतोस ते गप्प बसणं मीही केलं, म्हणून आतून काय चालतं ते सांगतो. मुलाचा तिटकारा आला नव्हता. मी रोज रात्री मनात यादी करत होतो, भावकीत कोण काय विचारेल आणि मी काय उत्तर देऊ. उत्तर सापडत नव्हतं म्हणून बोलत नव्हतो. मुलाला वाटलं, बाबांनी मला टाकलं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि तरी माझं तोंड उघडत नव्हतं. तुझे अण्णा गप्प झाले तर त्याचा एकच अर्थ काढू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. ताईला आधी सांग, कारण नंतर घरात तुझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी लागेल. आईला निरोप्या करू नकोस. 'तुम्हीच अण्णांना सांगा' म्हणून तिच्यावर टाकलंस तर दोन्हीकडून तिचीच ओढाताण होईल. अण्णांना तू स्वतः सांग. एकादशीला नको, सणाला नको, पाहुणे असताना तर मुळीच नको. यार्डातून आले, चहा झाला, दिवा लागला, अशी साधी वेळ बघ. आधी 'मला मुलगी बघायची नाही' हे सांग, मग कारण सांग. त्या मुलाचं नाव पहिल्या दिवशी घेऊ नकोस. नाहीतर सगळा राग त्याच्यावर निघेल, 'त्याने नादी लावलं' म्हणतील. त्याच वेळी उत्तर मागू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा रियाजाला बस, त्यांना ऐकू येईल असा.

आणि एकादशी आली की पेटी घेऊन मंडळात जा. पहिल्यांदा त्यांनी पखवाज नाही घेतला तर दुसरं कुणी घेईल. तू जाणं सोडू नकोस.

मला वळण मिळालं ते दुसऱ्या एका बापाशी बोलून. मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचाच गट आहे, 2017 पासून. डॉक्टर, वकील, पुस्तकं यांतलं काही माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. पण ज्याच्या मुलाचंही लग्न झालं नाही, ज्यालाही भावकीत तोंड दाखवायचं आहे, असा माणूस समोर बोलला तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो.

कृष्णाकाठ

नंदाताई, तुमचं वाचलं. मुलीच्या बाजूने मी विचारच केला नव्हता. माझा सल्ला मागे घेतो.

काळी_दोन

सगळ्यांचे मनापासून आभार. नंदाताई, तुमचा प्रतिसाद मी त्यालाही वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "बघायला जाऊ नकोस, बाकी जे होईल ते बघू." वकिलीणताई, बागेच्या कागदांचं मी विचारायला कचरलो असतो, त्याने स्वतःच विषय काढला. खरड छाटणी झाल्यावर भावाबरोबर बसून बोलणार आहे.

काल ताईला फोन केला. ती आधी घाबरली. मला काही त्रास आहे का, कुणी पैशासाठी अडवलंय का, असंच विचारत राहिली. मग सगळं ऐकून घेतलं. तिला पूर्ण पटलं आहे असं मी म्हणणार नाही. पण तिने दोन गोष्टी केल्या. दाजींना ती सांगणार आहे, मी नाही. आणि मामांना तिने रात्रीच फोन करून विट्याची बोलणी थांबवायला सांगितली. ती म्हणत होती की पत्रिका जुळत नाही असं कळवू. मी नको म्हटलं. पत्रिकेचं कारण दिलं की महिन्याभरात दुसरी पत्रिका येते. 'मुलगा सध्या लग्नाला तयार नाही' असं कळवलं आहे. त्या घराला तेवढं तरी खरं कारण मिळालं.

आईने आज विचारलं, तयार नाही म्हणजे काय? तिला म्हटलं, ताई आली की अण्णांसमोर सांगतो, तुम्हा दोघांना एकदमच. तिने पुढे विचारलं नाही, पण आज दिवसभर माझ्याकडे बघत होती. ताई पुढच्या आठवड्यात दोन दिवस येतेय. अण्णांशी बोलायचं ते तेव्हा, मधल्या वारी, यार्डातून आल्यावर.

सोनचाफा काका, एक विचारू? अण्णांना नंतर कुणाशी बोलावंसं वाटलं तर त्यांना तुमच्याशी बोलता येईल का? ते मुंबईच्या अनोळखी माणसाला फोन करणार नाहीत. तुम्ही माळ घातलेले आहात का ते माहीत नाही, पण तुमची भाषा त्यांना आपली वाटेल.

सोनचाफा

माळ आहे. नंबर व्यक्तिगत निरोपाने पाठवला आहे. सकाळी पूजा झाल्यावर किंवा रात्री नऊनंतर केव्हाही. तू फक्त नंबर त्यांच्या डायरीत लिहून ठेव आणि कुणाचा आहे ते एकदाच सांग, फोन करा म्हणून मागे लागू नकोस. त्यांनी केला तर तुझ्याबद्दल मी लगेच काही काढणार नाही. आधी हळदीचा दर विचारीन, पखवाजाचं विचारीन. बाकीचं ते काढतील तेव्हा.