एनजिनएक्स: मोठी फाइल चढवताना ४१३ एरर

गिरगावकर: चाळीच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक स्कॅन करतोय. पानांना हात लावला की कडा गळतात, म्हणून घाई आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर ४० एमबीची पीडीएफ चढवली की ४१३, म्हणजे ‘फाइल फार मोठी’ असा एरर येतो. कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, नेमकं काय बदलू?

परळकर: मूळ मर्यादा १ एमबीच असते. सर्व्हर ब्लॉकमध्ये (कॉन्फिगमधला साइटचा भाग) ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ ६४एम’ लिहा, शेवटी अर्धविराम हवाच. आधी ‘एनजिनएक्स -टी’ने तपासा, मगच रीलोड, म्हणजे नवी सेटिंग लागू. चालू सर्व्हरवर अंदाजपंचे काही करू नका.

ठाकुर्लीवाला: मागे पीएचपी (साइटचा प्रोग्राम चालवणारी भाषा) असेल तर तिथेही अपलोडला २ आणि पोस्टला ८ एमबी असतात. दोन्ही वाढवा.

गिरगावकर: अर्धविरामच राहिला होता, तपासणीत ओळ दिसली. पीएचपीचंही वाढवलं. १९६८चा अंक चढला! दादा, मनापासून आभार.