मदत हवी आहे : लहान मुलांना मलेरिया आणि एचआयव्ही एकाच तासात कसं शिकवू? (तातडीचं)

रानवाट
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, इथे टेकडीवर आलं तरच नेटवर्क मिळतं. शुक्रवारी शाळेत आरोग्याचा तास घ्यायचाय, मलेरिया आणि एचआयव्ही दोन्ही, आणि वेळ एकच तास. मलेरियाचं जमेल पण एचआयव्हीचं काय आणि किती सांगायचं ते कळत नाहीये, आणि दोन्ही एकत्र सांगितलं की घोळ होतो हे मागच्या वेळी बघितलंय. कुणाकडे खेळ, चित्रं, गोष्ट असं काही तयार असेल तर द्या. व्हिडिओ नको, लाईटचा भरवसा नाही. प्लीज लवकर.

शुभदा_के
कितवीची मुलं? किती आहेत? गाव कुठल्या भागातलं? घरी मराठी बोलतात का? ३१ वर्षं प्राथमिकला शिकवलंय म्हणून विचारतेय, पहिलीतल्या पोराला सांगणं वेगळं आणि चौथीतल्याला सांगणं वेगळं.

विन्या७८
प्राथमिकला एचआयव्ही कशाला? २००७ साली शाळेतल्या लैंगिक शिक्षणावरून राज्यात केवढा गदारोळ झाला होता, कार्यक्रम थांबवावा लागला. उद्या पालक दारात येऊन उभे राहतील आणि नोकरी तुमची आहे. मलेरिया शिकवा आणि मोकळे व्हा.

शुभदा_के
विन्या, तो कार्यक्रम मोठ्या वर्गांचा होता. चौथीतल्या मुलाला शरीरसंबंधांबद्दल सांगा असं इथे कुणी म्हणतच नाहीये. रस्त्यावर पडलेल्या सुईला हात लावू नको एवढं सांगायला पालकांची कसली हरकत असणार?

डोंबिवलीकर
आम्ही सगळ्या खिडक्यांना वेल्क्रोची जाळी बसवून घेतली, डास बंद. वर्षातून एकदा काढून धुवायची. रॅकेटपेक्षा कधीही बरी.

रानवाट
गडचिरोली जिल्हा, दुर्गम भाग. पहिली ते चौथी मिळून २३ मुलं, एकच वर्ग. घरी माडिया बोलतात, तिसरी-चौथीच्या मुलांना मराठी बऱ्यापैकी समजतं. मी मूळचा साताऱ्याकडचा, माडिया कामापुरती येते. घरं कुडाची आहेत, जाळी लावायला खिडकीच नाही. आता प्लीज तासाचं सांगा.

हिवताप_सेवक
सर, मी इकडेच आरोग्यसेवक आहे. पाण्याचं चित्र काय दाखवून राहिले, खरं पाणीच दाखवा ना. धानाच्या बांधीतलं नाहीतर नाल्याच्या काठचं पाणी काचेच्या बरणीत आणा, वरून फडकं घट्ट बांधा. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याच्या वरच्या थराला आडवी चिकटून राहते, दुसऱ्या डासांची डोकं खाली करून लटकते. पोट्ट्यांना हे एकदा दाखवलं की ते मोठ्या माणसालाही शिकवतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून हप्त्यातून एकदा भांडी कोरडी करायची. आमच्या भागात फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार, जास्त आहे, तो डोक्यात गेला की पोरगं हातचं जातं, त्यामुळे ताप आला की पुजाऱ्याकडे जायचं तर जाऊ द्या पण आधी आशाताईकडे रक्त तपासा, किटवर पंधरा-वीस मिनिटांत कळते.

विन्या७८
गप्पी मासे सोडा, अळ्या खाऊन टाकतात. आमच्या सोसायटीच्या कारंज्यात सोडले होते.

हिवताप_सेवक
विहिरीत, टाक्यात ठीक आहे भाऊ. पण वाहत्या नाल्यात आणि धानाच्या बांधीत ते टिकत नाहीत, पहिल्या पुरात वाहून जातात. इकडे औषधी मच्छरदाणीच कामाची. धुतली तर सावलीत वाळवायची. आणि धान राखायला जागलीला जाताना बाप ती घरी ठेवून जातो, तिथेच तर डास चावते. पोरांनाच सांगायला लावा, बाबा मच्छरदाणी घेऊन जा म्हणून.

शुभदा_के
माझी मुलगी दिल्लीला होती तेव्हा तिला डेंग्यू झाला होता, प्लेटलेट्ससाठी पपईच्या पानांचा रस

मोगरा
डेंग्यूचं नंतर बघू. रानवाट, मी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, समुपदेशन करते. मागच्या वेळी घोळ झाला म्हणजे नेमकं काय झालं? तुम्ही ते दोनदा टाळलंत, मला वाटतं खरा प्रश्न तिथेच आहे.

रानवाट
टाळलं नाही, उघड्यावर लिहावं का कळत नव्हतं. मागच्या वेळी मी आधी मलेरिया घेतला, आजारी माणसाला चावलेला डास दुसऱ्याला चावला की आजार पसरतो. मग लगेच एचआयव्ही, रक्तातून पसरतो. झालं, तिसरीतल्या एका मुलाने हात वर केला आणि म्हणाला, सर, मग तिला चावलेला डास मला चावला तर? आणि बोट दाखवलं. वर्गात एक मूल आहे, त्याच्या वडिलांबद्दल गावात बोललं जातं. खरं काय मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. पण त्या दिवसापासून खिचडीच्या वेळी पंगतीत तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी असते. ताट मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवते. हे माझ्या तासामुळे झालंय.

मोगरा
सर, ही सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही सांगितलीच नव्हती. आधी एक, मुलगी आहे, वडील, अमुक भाग, याहून जास्त इथे काही लिहू नका. २०१७ च्या कायद्याने कुणाची एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करता येत नाही आणि शाळेत भेदभावही करता येत नाही, हे मुख्याध्यापक आणि ग्रामस्थांशी बोलताना उपयोगी पडेल. मोठ्या माणसांचे प्रश्न आले तर १०९७ ला फोन करायला सांगा, फुकट आहे. आता तास. सुरुवात त्या मुलाच्या प्रश्नापासूनच करा, त्याने चांगला प्रश्न विचारलाय. पपईची पानं आणा.

शुभदा_के
बघा, पपई आलीच!

मोगरा
पानं नकोत, देठ हवेत, ते पोकळ असतात. एक जाड, एक बारीक, दोन्ही दोऱ्याने एकत्र बांधा. ही डासाची सोंड. डास काही इंजेक्शनची सुई नाही, त्याच्या सोंडेत दोन वाटा असतात, जाडीतून रक्त वर ओढतो आणि बारकीतून फक्त लाळ सोडतो. कुंकवाचं पाणी जाड देठात थोडंच वर चढवून दाखवा (मुलांना तोंडात घेऊ देऊ नका, तुम्ही ओढा), बारीक देठातून साधं पाणी सोडा. चावताना पहिल्याचं रक्त दुसऱ्याच्या अंगात जातच नाही. मग मलेरिया कसा जातो? तर मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो आणि दहा-बारा दिवसांनी चालत लाळेच्या खोलीत जाऊन बसतो. एचआयव्हीला ते जमत नाही, तो डासाच्या पोटात पचून जातो. मुलांना चालत गेला म्हटलं की लक्षात राहतं.

हिवताप_सेवक
ताईंचं बरोबर. अजून एक. रक्त तपासताना आम्ही प्रत्येकाला नवीन सुई फोडतो, ते पोरांसमोर फोडून दाखवतो. शुक्रवारी मी येऊ शकतो. तिथेच सांगता येईल की दुसऱ्याला टोचलेली सुई घ्यायची नाही, आणि जत्रेत मशीनवर गोंदून घेता तर सुई बदलली का बघायचं. आमच्या इकडे गोंदण सगळ्यांना कळते.

विन्या७८
हे मान्य. गोंदणावरून सांगितलं तर पालकांचीही हरकत नसेल. मी आधी जरा तडकाफडकी बोललो.

डोंबिवलीकर
जाळीला मीटरमागे किती घेतात हल्ली?

रानवाट (शनिवार)
तास झाला. देठ मुलांनीच आणले, डासाला माडियात काय म्हणतात ते फळ्यावर त्यांनीच लिहिलं. तो मुलगा जाड देठ हातातून सोडतच नव्हता, पाणी परत खाली येत नाही ना हे तीनदा बघितलं त्याने. सेवकभाऊंनी माझ्याच बोटाला टोचलं. जेवताना तो तिच्यापासून एक जागा सोडून बसला. आधी तीन होत्या.
पण एक नवीन दिसलं. खिचडी वाढणाऱ्या ताई सगळ्यांच्या ताटाला पळी टेकवतात, तिच्या ताटात वरून सोडतात. मुलं रोज तेच बघतात. ताई वयाने मोठ्या आहेत, सगळ्यांसमोर बोललो तर दुखावतील. सोमवारी काय करू?

मोगरा
बोलू नका. सोमवारी देठ घेऊन स्वयंपाकघरात जा, त्या मुलालाही बरोबर न्या. त्याला ताईंना दाखवू दे. आणि पंगतीत तुम्ही तिच्या शेजारी बसून जेवा, ताईंच्याच हातचं.