पालकांची ड्युटी लावा म्हणे!

मोकळी_शिट्टी:
परवा इथे ‘हिशेबी’ यांचा लेख आला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सार एवढंच: स्काउट पथकांना मोठी माणसं मिळत नाहीत, तर प्रत्येक पालकाची आळीपाळीने सक्तीची ड्युटी लावा, जो येणार नाही त्याच्या मुलाचं नाव पटावरून काढा. आणि वर मखलाशी, ‘आठवड्याचा एक तास तर द्यायचाय, त्यात कसलं आलंय कौशल्य?’ तिथे दोन ओळी खरडून माझं समाधान होईना, म्हणून वेगळा धागा.

तो ‘एक तास’ हा आमच्यातला जुनाच विनोद आहे. नव्या माणसाला गळाला लावताना सगळेच तो टाकतात आणि ती थाप आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सभा तास-दीड तासाचीच. पण त्याआधी संघनायकांबरोबर, म्हणजे मुलांच्या छोट्या संघांच्या मुलांतल्याच पुढाऱ्यांबरोबर, बसून कार्यक्रम ठरवा, संमतिपत्रं गोळा करा, ज्याने दिलं नाही त्याच्या घरी दोनदा फोन करा, भिजलेले तंबू वाळवून घड्या घाला, प्रथमोपचार पेटीतलं काय संपलंय ते बघा. असो. माझं भांडण वेळेवरून नाहीच.

या कामातलं कौशल्य दिसत नाही, कारण ते हात न लावण्याचं आहे. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं नेली, तेव्हा त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघावर एक मुलगाच नायक नेमला. आजही पथक चालतं ते याच रीतीवर. मोठ्याने कडेला उभं राहायचं, आणि हे उभं राहणं एका रविवारी जमत नाही. मागच्या शिबिराला एक गृहस्थ असेच मदतीला आले. मुलं तंबू ठोकत होती. खुंट्या आतल्या बाजूला, तंबूकडे झुकवून ठोकलेल्या. तणावा, म्हणजे तंबू ताणणारा दोर, ओढला की खुंटी सुळकन वर. बारा-तेरा वर्षांची संघनायिका उपटलेली खुंटी हातात धरून एकदा तिच्याकडे, एकदा भोकाकडे बघतेय. अजून मिनिटभरात तिला सापडलं असतं. तेवढ्यात या गृहस्थांनी तिच्या हातातली मोगरी घेतली, चारही कोपरे धडाधड ठोकले आणि म्हणाले, ‘झालं! जा, खेळा.’ तंबू झकास उभा राहिला. ती पोरगी उरलेला दिवस ‘काका, आता काय करू?’ करत त्यांच्या मागे मागे.

दर आठवड्याला असा एक नवा काका आणा. पथक राहणार नाही, सांभाळघर होईल.

हिशेबी:
माझ्या लेखावर अख्खा धागा! भरून पावलो.

ताई, तुमची मोगरीची गोष्ट छान आहे, आता माझी ऐका. माझा जोडीदार लीडर बदली होऊन गेला. तेव्हापासून पथकात मी एकटा. एकट्या मोठ्या माणसाने मुलं मुक्कामी न्यायची नाहीत असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून शिबिर रद्द, हाईक रद्द. संघनायकांनी नकाशा काढला होता, सामानाची यादी केली होती, कोण काय उचलणार ते वाटून झालं होतं. तुमची ती संघपद्धती, बरं का, तंतोतंत. फक्त दुसरा मोठा माणूस नव्हता. पालकांच्या गटावर विचारलं तर अंगठ्यांचा नुसता पाऊस. ‘खूप स्तुत्य उपक्रम सर!’ येतो म्हणणारा एक माईचा लाल नाही.

हेच लोक मुलाला सोडताना गाडी धड थांबवत नाहीत, दार उघडतात आणि पोरगं ओततात. न्यायला मात्र पाऊण तास उशीर. आणि उतरतात ते फक्त एवढं विचारायला, ‘याला अजून पदक कसं नाही मिळालं?’ घरी बापाने बांधून दिलेली गाठ घेऊन येतो तो, म्हणून नाही मिळालं!

सक्ती कोणालाच आवडत नाही, मलाही नाही. चांगली दिसणारी दुसरी वाट असेल तर दाखवा. नाहीतर तत्त्व तुमच्यापाशी ठेवा आणि शिबिर का झालं नाही ते माझ्या पोरांना तुम्हीच येऊन सांगा.

थकलेला_लांडगा:
दोघंही मूळ दुखण्याला हात लावत नाही. सक्तीने आणलेला कामाचा नाही हे खरं, पण हौसेने आलेला का टिकत नाही? कागद! 1919 साली इंग्लंडात गिलवेलला पहिला वुड बॅजचा, म्हणजे लीडरांच्या प्रशिक्षणाचा, वर्ग झाला तो मैदानात. मोठ्या माणसांना मुलांसारखे संघ पाडून राहायला लावलं आणि शिकवलं. आता प्रशिक्षण म्हणजे खुर्चीत बसून पडद्यावरच्या चौकटीत टिचक्या मारायच्या. मग जोखमीचा तक्ता. मग माणसाच्या पूर्वेतिहासाची पडताळणी. मग त्या पडताळणीचं नूतनीकरण. आम्ही एकटा माणूस पंधरा-वीस मुलं घेऊन रात्रीचा डोंगर चढायचो. कोणी विचारलं नाही, कोणाला काही झालं नाही. आज पथकातलं एखादं पोर रडत असेल तर त्याला बाजूला घेऊन दोन शब्द बोलायचीही चोरी. चारचौघांना दिसेल अशा जागी उभं राहून माया करायची.

काठावरची_आई:
‘एकटा माणूस, रात्री, डोंगर, कोणी विचारलं नाही.’ लांडगेकाका, तुम्ही हे अभिमानाने लिहिलंत. मी पालक म्हणून वाचलं आणि अंगावर काटा आला.

अमेरिकेतल्या बॉय स्काउट संघटनेने फेब्रुवारी 2020 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तो कशापायी? लैंगिक अत्याचारांच्या खटल्यांपायी. त्या प्रकरणात 82,000 हून अधिक दावे आले आणि भरपाईचा आकडा 2.46 अब्ज डॉलर्सवर गेला. ज्यांच्याविषयी तक्रारी होत्या अशा स्वयंसेवकांच्या फायली संघटनेने कित्येक दशकं स्वतःपाशी दाबून ठेवल्या होत्या. त्यातल्या हजारेक 2012 साली न्यायालयाच्या आदेशाने बाहेर आल्या. तिथेही बराच काळ कोणी विचारलं नव्हतं.

थकलेला_लांडगा:
म्हणजे मी त्या फायलीतला, असंच ना? सरळ म्हणा की. जन्मभर उन्हातान्हात दुसऱ्यांच्या पोरांमागे फिरलो त्याचं हे बक्षीस.

काठावरची_आई:
तसं म्हटलेलं नाही. तुम्ही ते ओढून अंगावर घेताय. नियम तुमच्याकडे बघून केलेला नाही. तुमच्याइतकाच लाडका, तुमच्याइतकाच कष्टाळू दिसणारा जो दुसरा एखादा असतो, त्याच्यासाठी केलाय. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, हीच तर अडचण आहे.

माझ्या भावाने लहानपणी पथक एकाएकी सोडलं होतं. सगळ्यांना वाटलं, कंटाळला. खरं कारण त्याने घरात सांगितलं ते स्वतः बाप झाल्यावर. याहून जास्त इथे लिहिणार नाही. बाजूला घेऊन माया करण्याबद्दल माझं मत कुठून आलंय तेवढं कळावं.

थकलेला_लांडगा:
भावाचं वाचून वाईट वाटलं. त्यावर मी एक शब्द बोलणार नाही.

पण कागदावरचा माझा राग तसाच आहे. 2023 साली दक्षिण कोरियात जागतिक मेळावा भरला. 40,000 हून अधिक स्काउट. तिथे तक्त्यांची आणि फॉर्मांची टंचाई होती असं मला कोणी सांगू नये. समुद्रात भराव टाकून केलेली सपाट जमीन, सावली म्हणून नाही, ऐन ऑगस्ट. शेकडो पोरं उन्हाने आजारी पडली, ब्रिटन-अमेरिकेची पथकं मधूनच निघून गेली, आणि शेवटी वादळ येतंय म्हणून अख्खा तळ उठवला. हे आधी दिसायला तक्ता लागतो की डोळे?

ओला_तंबू:
डोळेच लागतात. पण ‘पूर्वी काही होत नव्हतं’ हेही नका ना सांगू. 1912 साली लंडनच्या स्काउट मुलांची होडी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लेसडाउनजवळ वाऱ्याच्या झोतात उलटली. नऊ मुलं गेली.

थकलेला_लांडगा:
त्या होडीत मोठी माणसं होती. एकाहून जास्त होती. तुमच्या दोन माणसांच्या नियमाने वारा थांबला नसता.

ओला_तंबू:
नसता थांबला. म्हणून नियम फेकून द्यायचा?

अवांतर: शिट्टीताई, त्या तंबूचे तणावे रात्री सैल केले होते का? सुती दोर दवाने भिजला की आखडतो. मग एकतर खुंटी उपटते नाहीतर कापड फाटतं. हल्ली हे कोणी शिकवतच नाही. आमचा पथकप्रमुख सांगायचा नाही. एकदा आमचा तंबू मध्यरात्री फाटताना त्याने शेकोटीपाशी बसून पाहिलं. सकाळी सुई-दोरा आणून दिला, बस्स. पुढे संघनायक झालो तेव्हा झोपायच्या आधी सगळ्या तंबूंना फेरी मारायची सवय आपोआप लागली.

निरगाठ:
सुती दोर? कुठल्या जमान्यातले तंबू म्हणायचे हे? नायलॉन भिजला की उलट सैलावतो. रात्री आणखी सैल कराल तर पहाटे तंबू तोंडावर.

ओला_तंबू:
ज्या पथकांकडे जुने कॅनव्हासचे आहेत त्यांनी काय ते जाळायचे? नवे तुम्ही घेऊन देताय का?

निरगाठ:
दोर कशाचा आहे ते बघून काय ते करा, एवढंच म्हणतोय. उगाच तापू नका.

आता मुख्य विषय. या धाग्यावर सगळे ‘पालक, पालक’ करताय. पालकच कशाला? मला मूल नाही आणि मी लीडर आहे. नव्या सत्राच्या पहिल्या सभेला कोणी ना कोणी हमखास विचारतं, ‘तुमचं कोण आहे इथे?’ कोणी नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी ओळखतो. लांडगेकाकांना पडताळणीचा अपमान वाटतो. मला ती झाली त्या दिवशी हायसं वाटलं. त्या नजरेला आता कागद उत्तर देतो, मला द्यावं लागत नाही. आणि चारचौघांना दिसेल असं उभं राहण्याने मुलाइतकाच मीही सुरक्षित असतो.

दुसरं, पालक लीडर झाला की स्वतःच्या मुलाला एकतर डोक्यावर बसवतो, नाहीतर पक्षपात नको म्हणून त्यालाच सगळ्यात जास्त झापतो. आमच्याकडे एका बाईंचा मुलगा चांगला नायक झाला असता, पण आई लीडर म्हणून त्याचं नाव कधी पुढेच आलं नाही. ज्याचं कोणी पथकात नाही असा माणूस शोधा ना. जुने स्काउट कुठे गेले सगळे?

हिशेबी:
जुने स्काउट? ते माझ्या गटावर अंगठे देताहेत.

वरचं सगळं पुन्हा एकदा वाचा. आई म्हणतात, दोन माणसं हवीत. निरगाठ म्हणतात, दोन माणसं हवीत. सगळ्यांचं एकमत आहे, फक्त तो दुसरा माणूस कुठून आणायचा ते कोणी सांगत नाही. मी सांगितलं तर सक्ती, हुकूमशाही, सांभाळघर.

मोकळी_शिट्टी:
कारण ड्युटीवर आलेला पालक हा तुमचा दुसरा माणूस होऊच शकत नाही, हिशेबीराव! त्याची पडताळणी नाही, प्रशिक्षण नाही, मुलांची नावं माहीत नाहीत. दर आठवड्याला एक अनोळखी माणूस मुलांत सोडायचा आणि त्याला सुरक्षितता म्हणायचं? नियमाचा आकडा पाळला जाईल, नियम नाही.

आता तुमचा मान म्हणून अर्धं मान्य करते. मुलांशी थेट संबंध न येणारी जी कामं आहेत, म्हणजे तंबू वाळवणं, हिशेब, संमतिपत्रांचा पाठपुरावा, सामानाची ने-आण, त्यासाठी खुशाल ड्युटी लावा. नाव कमी करायची धमकी नको. बापाच्या आळसाची शिक्षा पोराला कशाला? यातूनच एखादा दोन-तीनदा येतो, रमतो, त्याला हळूच बाजूला घेऊन विचारायचं. गटावर सगळ्यांना मिळून विचारलेलं कोणालाच विचारलेलं नसतं. एकेकाला गाठून, नाव घेऊन, नेमकं काम सांगून विचारा. मला असंच गाठलं होतं.

हिशेबी:
म्हणजे ड्युटी लावायचीच. माझीच योजना, शेपूट कापून. आभारी आहे.

गाठून विचारायचं म्हणता, तर विचारतो. काठावरची_आई, तुमची मुलगी ज्या पथकात आहे तिथे तुम्ही काय करता? राग मानू नका. नियम हवेत म्हणणारी माणसं नियम पाळायला लागणाऱ्या माणसांत का नसतात, हे मला खरंच कळत नाही.

काठावरची_आई:
टोमणा पोचला. संमतिपत्रं मीच गोळा करते, तीन सत्रं झाली. मुक्कामी जात नाही, कारण घरी आजारी माणूस आहे. सगळ्यांच्या ‘जमत नाही’ला आळस म्हणायची घाई करू नका. गाडी न थांबवणाऱ्यांतही एखादी माझ्यासारखी असेल.

पुढच्या महिन्यात नणंद येऊन राहणार आहे. तेव्हा एका मुक्कामापुरतं जमेल, पण पडताळणीला किती दिवस लागतात? आणि ते चौकटीत टिचक्यांचं प्रशिक्षण आधी करावं लागतं का नंतर?

थकलेला_लांडगा:
आधी. त्याशिवाय पुढचा फॉर्म उघडत नाही. ओळखपत्राची प्रत सरळ, न कापता लावा, नाहीतर परत येतो. संदर्भ म्हणून दोन जणांची नावं मागतात, त्यात नातेवाईक चालत नाहीत. अडलात तर विचारा. एवढ्या शिव्या घातल्यात त्या कागदांना की पाठ झालेत.