आठवड्याचा हप्ता की काढणीनंतर एकरकमी? लहान शेतीकर्जाबद्दल विचारायचं आहे

प्रश्न
आमच्या बचत गटात सतराजणी आहेत. सगळ्यांची शेती थोडी, तीही पावसावरची. यंदा बियाणं-खतासाठी गटातून कर्ज द्यायचं ठरतंय. बऱ्याचजणींचं म्हणणं, दर आठवड्याला हप्ता घ्यावा, शिस्त राहते. मला धास्ती वेगळीच आहे. पेरणी झाल्यापासून पीक हाती येईपर्यंत दोन-तीन घरांत एकाच वेळची चूल पेटते. कर्जाचे पैसे तिथे खाण्यातच संपले तर? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगावं.

उत्तर १
ताई, चौदा वर्षं मी गटांच्या कर्जवह्या लिहिल्या आहेत. शेतीकर्जाला आठवड्याचा हप्ता लावू नका. दुकान चालवणाऱ्याकडे रोज पैसा येतो, शेतकऱ्याकडे वर्षातून एकदा-दोनदा. मग हप्ता भरायचा कुठून? मजुरीतून, नाहीतर दुसऱ्या उसनवारीतून.

आमच्याकडे एक बाई होत्या, त्यांचा एकही हप्ता चुकला नव्हता. बैठकीत आम्ही त्यांचं उदाहरण द्यायचो. तिसऱ्या वर्षी काढणीच्या वेळी त्यांच्या घरी गेले, तर उरलेली बाकी फेडायला त्या खळ्यावरूनच धान्य विकत होत्या. तेव्हा सगळ्यांचंच धान्य बाजारात आलेलं, भाव पडलेला. चार महिन्यांनी तेच धान्य त्यांनी चढ्या भावाने विकत घेतलं, तेही आमच्याकडूनच कर्ज काढून. मी वहीत दोन्ही नोंदी केल्या होत्या, पण जोडून कधी पाहिल्या नव्हत्या. ते मला अजून टोचतं.

केनियात नेमका हाच प्रश्न घेऊन प्रयोग झाला, २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. तिथल्या त्या भागात काढणीपासून टंचाईच्या महिन्यांपर्यंत धान्याचा भाव २५ ते ४० टक्के चढतो. शेतकऱ्यांना काढणीच्या वेळी कर्ज दिलं, म्हणजे घरखर्चासाठी लगेच मका विकायची वेळ येऊ नये. त्यांनी तो साठवला, पुढे विकला, आणि गुंतवणुकीवर सुमारे २९ टक्के परतावा मिळाला. म्हणून रकमेइतकंच कर्ज कधी देता आणि कधी परत मागता हेही बघा.

उत्तर २
वरचं पटतं, पण फार आशा लावू नका. २०१५ साली सहा देशांतल्या सूक्ष्मकर्जाचे अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले: भारत, इथिओपिया, मोरोक्को, मंगोलिया, मेक्सिको आणि बोस्निया. सरासरी कुटुंबाची मिळकत त्याने मोठी वाढली असं कुठेच दिसलं नाही. आणि पाऊसच दगा देऊन गेला तर? पीक बुडालं की काय करायचं, मुदत वाढवायची की व्याज सोडायचं, हे कर्ज देण्याआधी लिहून ठेवा. नंतर ठरवायला गेलात तर भांडणं होतात.

प्रश्नकर्ती
मुदतीचं लिहून घेते. पण खाण्यात जाणाऱ्या पैशांचं काय?

उत्तर १
जाऊ द्या की! उपाशी माणूस स्वतःच्या शेतात खुरपणी करत नाही, तो रोजचा पैसा मिळेल तिथे दुसऱ्याच्या बांधावर जातो. ऐन खुरपणीत त्याचं रान तणाने भरतं, पुढच्या वर्षीची टंचाई तिथूनच सुरू होते. झांबियात दोन वर्षं टंचाईच्या महिन्यांत कर्ज देऊन पाहिलं, फेड काढणीनंतर. लोक मजुरीला कमी गेले, मजुरीचे दर वाढले, आणि शेतातलं उत्पन्नही वाढलं. ते कर्ज बऱ्याचजणांनी पोटासाठीच वापरलं असेल, तरी ते शेतीलाच लागलं.

गावच्या पतपेढीची कल्पनाही भुकेतूनच आली. १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात जर्मनीतल्या वायरबुश गावचे प्रमुख रायफायझन यांनी गोरगरिबांना उधारीवर पाव मिळावा म्हणून संघ काढला. १८६४ ची त्यांची पतसंस्था त्यानंतरची.

तुमच्या त्या दोन-तीन घरांना बियाण्याच्या कर्जातच थोडं धान्य धरून द्या. काढणीनंतर धान्यानेच फेडलं तरी घ्या.

प्रश्नकर्ती
सोमवारी बैठक आहे. नवी वही आणलीये. रकमेच्या रकान्याआधी प्रत्येकीच्या काढणीचा महिना लिहायचा, एवढं तरी नक्की ठरवून घेते.