पित्ताशय काढलं तरी पित्त होतंच

पित्ताशय काढलं की पित्ताचा त्रास कायमचा मिटतो, असं कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. दोन निराळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो, घोळ तिथेच आहे. छातीतली जळजळ, आंबट ढेकर हे जठरातलं आम्ल. खरा पित्तरस यकृतात तयार होतो, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, आणि तो आम्ल तर नाहीच, किंचित अल्कधर्मी असतो. पित्ताशय ही त्याची साठवणीची पिशवी. तिथे तो घट्ट होतो आणि तेलकट खाल्लं की लहान आतड्यात सुटतो.

आमच्या आईचं पित्ताशय खड्यांमुळे काढलं. सकाळचे पोहे-जिलबी पूर्ववत सुरू आहेत (इंदुरात पोहे सोडा म्हणणारा डॉक्टर अजून भेटायचाय). पण पहिल्याच हिवाळ्यात सराफ्यात (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) तिने प्लेटभर गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडी, खाल्ले, कढईतून काढलेले, वर जिरावण मसाला आणि लिंबू, आणि घर गाठेपर्यंत पंचाईत झाली. जळजळ अजिबात नाही, सरळ जुलाब. पित्तरस आता सतत थोडा थोडा झिरपतो, ऐनवेळी एकदम मिळत नाही. मग न पचलेली चरबी नि पित्ताम्लं (पित्तरसातले चरबी पचवायला मदत करणारे घटक) मोठ्या आतड्यात उतरतात. हल्ली ती चारच फोडी घेते, उरलेली प्लेट माझी.