मदत हवी आहे: स्टेशन वॅगनची डिकी वर राहत नाही. शॉकर (डिकी तोलून धरणाऱ्या गॅसच्या नळ्या) भरून घ्यावेत की बदलावेत?

किनाराकर

गाडी टाटा इंडिगो मरीना, २००६ची. मुक्काम रत्नागिरी, गाडी बारा महिने उघड्यावर. डिकी पूर्ण वर नेली की दोन-चार सेकंद थांबते आणि मग सावकाश डोक्यावर येते. तूर्तास मागे एक बांबू ठेवलाय. उजव्या शॉकरच्या दांड्यावर तेलकट काळा थर आहे. डावा कोरडा आहे, पण दांड्यावर गंजाचे बारीक ठिपके दिसतात.

तीन प्रश्न आहेत. एक जण नळीला भोक पाडून, गॅस भरून, वेल्ड मारून देतो म्हणतोय, ते करावं का? दुकानदार म्हणतो मोठ्या गाडीचे जास्त ताकदीचे टाका, पुन्हा बघायला नको. ते बसवावेत का? आणि फक्त उजवा बदलला तर भागेल का?

पाना_दहा

वेल्डवाल्याला लांबूनच नमस्कार करा.

या नळीत नायट्रोजन असतो आणि चमचाभर तेल. ताकद म्हणजे आतला दाब गुणिले दांड्याच्या काटछेदाचं क्षेत्रफळ. ८ मिमी दांड्याचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस मिमी. शॉकर ४०० न्यूटनचा असेल तर आतला दाब जवळपास ८० बार येतो. चाकात आपण ३२ पीएसआय भरतो, म्हणजे सव्वादोन बार. भरलेल्या नळीत भोक पाडणं किंवा तिला आच लावणं हा जिवाशी खेळ आहे. आणि समजा कोणी सुखरूप भरून दिलाच, तरी गॅस गेला तो दांड्याभोवतीच्या सीलमधून आणि ते सील नळीचं तोंड वळवून आत कायमचं बंद केलेलं असतं. फाटकं सील तसंच ठेवून गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं.

तेलकट थर म्हणजे उजव्याचं सील गेलं. डाव्याचे ठिपके म्हणजे खाऱ्या हवेने क्रोम फोडलं. डिकीच्या प्रत्येक उघडझापीला ते ठिपके कानसीसारखे सीलवरून फिरतात, म्हणजे तोही जाणारच. पॉलिश पेपर मारून दांडा चकचकीत करू नका. उरलेलं क्रोमही जाईल.

बदलायचे तर जोडीनेच. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे मेलेला ठेवला तर डिकी तिरकी उचलली जाते, बिजागरीवर पीळ पडतो आणि काही महिन्यांनी एका बाजूची फट रुंद दिसायला लागते. मग रबरातून पाणी आत.

मोजमापवाला

दुसऱ्या प्रश्नावर मी जरा लांबण लावतो, कारण खरी चूक तिथेच होते. पैसे तेवढेच जातात, म्हणून लोक ‘दमदार’ घेतात.

ताकद जास्त झाली की खटका सुटताच डिकी हातातून उडते आणि शेवटी धक्क्याने थांबते. बऱ्याच वॅगनमध्ये डिकीला वेगळा थांबा नसतो, शॉकरची पूर्ण लांबी हाच थांबा. तो धक्का शॉकरचं टोक ज्यावर बसतं त्या बॉलवर आणि बिजागरीपाशी छपराच्या पत्र्यावर बसतो. बंद करतानाही जोराने आपटावी लागते आणि काच, खटका, वायपरची मोटार सगळं हादरतं.

जुन्या शॉकरच्या लेबलवर भाग क्रमांकाशेजारी ०४०० एन किंवा तसा आकडा असतो. एन म्हणजे न्यूटन. दहाने भागलं की ढोबळ किलो. लेबल पुसलं असेल तर ताकद अशी काढा:

डिकी आडवी, जमिनीला समांतर धरायला एक जण घ्या आणि दोन्ही शॉकर सोडवा. आता डिकीच्या खालच्या काठाखाली लाकडी दांडकं उभं करा आणि दांडक्याखाली घरचा वजनकाटा ठेवा. मदतनीसाने फक्त तोल सांभाळायचा, भार घ्यायचा नाही. काट्यावरच्या आकड्यातून दांडक्याचं वजन वजा करा. बिजागरीपासून दांडक्यापर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजा. समजा ११.५ किलो आणि १.०५ मीटर. ११.५ × ९.८१ × १.०५ = साधारण ११८ न्यूटन-मीटर. हा डिकीचा भार.

मग शॉकर लावलेला असताना, डिकी उघडी ठेवून, बिजागरीपासून शॉकरच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर घ्या. दोन्ही बॉलना सुतळी ताणून बांधली की सोपं जातं. समजा ते १८ सेंमी. शॉकर दोन, म्हणून ११८ ÷ (२ × ०.१८) = ३२८ न्यूटन. त्यावर १५ ते २० टक्के जादा धरा, म्हणजे ३७७ ते ३९४. अशा वेळी ४००चा घ्यायचा, ६००चा नाही. हे आकडे उदाहरणाचे आहेत, कृपया कोणी तसेच उचलून दुकानात जाऊ नये.

ताकदीइतकीच लांबी महत्त्वाची. पूर्ण उघडलेल्या शॉकरची बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी जुन्याइतकीच हवी. आणि डिकी बंद असताना दोन बॉलमधलं अंतर, जे कोणीच मोजत नाही, तेही घ्या. वॅगनमध्ये ते सोपं आहे: मागची सीट पाडा, टॉर्च आणि टेप घेऊन आत आडवे व्हा आणि डिकी बाहेरून बंद करून घ्या. नवा शॉकर पूर्ण दाबल्यावर या अंतरापेक्षा किमान सेंटिमीटरभर आखूडच झाला पाहिजे. नाहीतर डिकी बंद होण्याआधी तो आतून टेकतो आणि जोर केला की ब्रॅकेटचा पत्रा वाकतो.

बॉलचा व्यास व्हर्निअरने बघा. बहुतेक गाड्यांत १० मिमी असतो. १० च्या बॉलवर शॉकरच्या टोकाची १३ ची वाटी खडखडते आणि एक दिवस निसटते.

निफाडची_थंडी

धाग्याला जोडून विचारतो. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे डिकी खाली येते आणि दुपारी नीट राहते. शॉकर गेले म्हणायचे का?

मोजमापवाला

@निफाडची_थंडी, जायच्या वाटेवर आहेत. थंडीत गॅसचा दाब उतरतो. लेबलवरची ताकद २० अंशांची असते. ४००चा शॉकर ५ अंशांना ३८०च्या आसपास येतो आणि उन्हात ५० अंशांपर्यंत तापला तर ४४०पर्यंत जातो. नव्या शॉकरमध्ये जो १५-२० टक्के वाव असतो तो यासाठीच. पहाटे डिकी खाली येते म्हणजे तो वाव संपला. आधी एक बघा: डिकीच्या खालच्या काठाची पाणी जायची भोकं चिखलाने बुजली असतील तर आत पाणी साचून वजन वाढतं. डिकी हलवून आत पाण्याचा आवाज येतो का ऐका.

पाना_दहा

बसवायचं राहिलंच. दोन माणसं हवीत. आणि बांबूच्या टोकाला फडकं गुंडाळा, नाहीतर तो पत्र्यावरून घसरतो.

आधी जुन्याचा फोटो काढा: दांडा कुठल्या बाजूला आहे ते दिसू दे. डिकी बंद असताना दांडा खाली आणि नळी वर, असंच बसवायचं. त्याने आतलं तेल सीलवर राहतं आणि उघडताना शेवटच्या टप्प्यात वेग आवरतं. उलटा बसवला तर सील कोरडं पडून लवकर जातं.

वाटीच्या पाठीवर तारेची क्लिप असते. बारीक चपट्या स्क्रूड्रायव्हरने ती ३-४ मिमीच उचला आणि शॉकर बॉलवरून सरळ बाहेर ओढा. क्लिप पूर्ण काढली तर ती उडून गटारात जाते, शिवाय परत बसवताना चेमटते. एक बाजू पूर्ण करा, मगच दुसरीला हात लावा.

नवा शॉकर हाताने दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. ४०० न्यूटन म्हणजे ४० किलो. तो पूर्ण लांबलेला असतानाच बसला पाहिजे. बॉल जुळत नसेल तर दुसऱ्याने डिकी बोटभर वर उचलायची. वाटी बॉलवर ठेवून तळहाताने ठोसा द्या, ‘टक’ असा आवाज येतो. मग ओढून खात्री करा.

बॉलला ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं. दांड्याला काहीही लावायचं नाही, त्यावर धूळ चिकटते. आणि दांडा पक्कडीत धरायचा नाही. एक ओरखडा पडला की नवा शॉकरही गेला.

किनाराकर

सर्वांचे आभार. दोन्ही बसवले. हिशोब ३८०च्या वर आला म्हणून ४००चेच घेतले, पुण्याला नाना पेठेतून मागवले. लांबी जुळली, डिकी बंद नीट होते. एक शंका: खटका सोडल्यावर पहिली वीत-दीड वीत हातानेच उचलावी लागते, नंतर ती आपोआप वर जाते. शॉकर कमी पडतोय का?

मोजमापवाला

नाही. डिकी बंद असताना शॉकरची रेषा बिजागरीच्या अगदी जवळून जाते, त्यामुळे त्याला उचलायला तरफच मिळत नाही. तसंच हवं, नाहीतर डिकी बंद राहणार नाही आणि खटक्यावर सतत ताण येईल. अर्ध्यावर सोडून बघा. तिथे जागेवर थांबली किंवा सावकाश वर गेली तर काम उत्तम झालंय.

पाना_दहा

बॉल तपासलात ना? एका बाजूने चपटा झाला असेल तर नवी वाटीही महिन्याभरात खडखडेल. तो सहसा वेगळा मिळतो आणि पान्याने निघतो. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा आणि सकाळी काढा. पत्र्यामागचा नट फिरायला लागला तर आतलं अस्तर काढावं लागतं.

जुने शॉकर भंगारात देताना भंगारवाल्याला सांगा की आत अजून दाब आहे, कापू नको, जाळात टाकू नको. डावा तर बऱ्यापैकी भरलेला असेल. आणि ते घरात ठेवू नका, पोरं दाबून खेळतात.

किनाराकर

बॉल गोल आहेत, फक्त पुसून ग्रीस लावलं. बांबू अजून आठवडाभर गाडीतच ठेवतो.